कडुबाचं वळण

गव्हाळीची लाँच चुकून कधी वेळेवर सुटली, तर माणसं आधी आपलं घड्याळ कानाला लावून बघायची. नऊची लाँच दहाला, पाचची देवाच्या मर्जीनं. कधी डिझेल नाही, कधी पंखा गाळात रुतलेला, कधी इंजीन नुसता धूर सोडून गप बसायचं. आणि जायचं तरी किती लांब? धरणाच्या फुगवट्याचा एक फाटा ओलांडून समोर दिसणाऱ्या बोरवाडीच्या काठावर. पाण्यातून तीन किलोमीटर. रस्त्यानं वळसा घातला तर पासष्ट, त्यातले वीस असे की जीपमधल्या माणसांना उतरून चालावं लागायचं. बोरवाडीला एकदा पाय टेकला की बिडकीनमार्गे तासा-दीड तासात संभाजीनगर. म्हणून गव्हाळीची माणसं लाँचीला शिव्या घालायची आणि लाँचीतच बसायची.

शिव्या घालण्यात पहिला मान आप्पासाहेबांचा. दोन वेळा सरपंच झालेला माणूस, वय अठ्ठावन्न, आवाज असा की ग्रामसभेला भोंगा लागायचा नाही. लाँचीच्या नावानं त्यांनी किती अर्ज केले त्याला गणती नाही. एकदा तर त्यांनी लाँचीची तिरडी बांधली, स्वतः मडकं धरून पुढं चालले आणि सगळ्या गावानं धक्क्यापर्यंत बोंबा मारत अंत्ययात्रा काढली. खात्याचे साहेब आले, चहा प्याले, पंधरा दिवसांत बघतो म्हणाले. ते पंधरा दिवस अजून संपायचे आहेत.

आणि लाँचीनंतर आप्पासाहेबांचा दुसरा राग होता लाँच चालवणाऱ्या कडुबावर.

कडुबा भोई. सत्तरीला टेकलेला, काटक, तोंडानं अगदी मुका म्हणावा असा. पहिल्या दिवसापासून लाँच त्याच्याच हातात. इंजीन चालू असलं तरी हा गडी सरळ जायचा नाही. आधी उजवीकडं, मग डावीकडं, मध्येच एक लांब वळसा, पुन्हा उजवीकडं. समोर काठ दिसतोय, नाकासमोर गेलं तर वीस मिनिटांचं काम, आणि हा लावायचा पाऊण तास. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणायचा, वाट अशीच हाय. पाण्यात कसली आली वाट? कुणी म्हणायचं डिझेल जाळून दाखवतो, कुणी म्हणायचं सकाळीच लावून येतो. आप्पासाहेब मनगटावरच्या घड्याळात बघून प्रत्येक वळणाची मिनिटं टिपायचे.

खरं तर हा राग नुसता स्वभावाचा नव्हता. त्यांच्या बायकोची, मनकर्णाबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहरात नेऊन डायलिसिस करावं लागायचं. गव्हाळीची माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळत होती आणि या बाईला डॉक्टरांनी दिवसाला मोजून तांब्याभर पाणी ठरवून दिलं होतं. त्या कुणाजवळ कुरकुरल्या नाहीत. फक्त लाँचीत बसल्या की एवढ्या पाण्याकडं बघत राहायच्या, आणि ते बघवेना म्हणून आप्पासाहेब घड्याळात बघायचे. चार तासांची मशीन, येण्याजाण्याची दगदग, आणि वर हा कडुबा पाण्यात नक्षी काढत बसलेला. कुणाचंही डोकं फिरेल.

म्हणून त्यांनी अर्ज ठोकला. लाँचचालक विनाकारण फेरे घेतो, वेळ आणि डिझेल वाया घालवतो, शिवाय त्याला डोळ्यांनी दिसत नाही. यातलं शेवटचं तर सोळा आणे खरं होतं. कडुबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एरवी खात्याकडून साधं उत्तर यायला वर्ष लागायचं, हा अर्ज मात्र महिन्यात मार्गी लागला. कडुबाची डोळेतपासणी झाली आणि त्याला घरी बसवलं. लाँच ठेकेदाराला दिली. त्यानं फायबरची नवीकोरी बोट आणली, निळी, वर छत, बसायला बाकडी. चालवायला रामकिसन नावाचा माणूस ठेवला. हा शहरातल्या मुकुंदवाडीचा. आधी कंपनीची बस चालवायचा, मग दोन वर्षं कुठल्याशा तलावावर सहलीच्या बोटी फिरवल्या होत्या. माणूस भला, शिट्टी वाजवत काम करणारा. त्यानं पहिल्याच दिवशी बोट नाकासमोर नेली आणि अठरा मिनिटांत काठाला लावली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांनी गावात पेढे वाटले.

हे झालं माघात. चैत्रापर्यंत पाणी पार उतरलं.

दोन हजार तेराचं ते साल ज्यांनी बघितलं त्यांना जास्त सांगायला नको. धरण तळाला गेलं. शहर तिकडं पसरतच होतं, माळरानावर इमारती उठत होत्या, आणि उरल्यासुरल्या पाण्यातून शहराच्या आणि कारखान्यांच्या पाइपलाइनी घरघर ओढत होत्या. ज्यांनी या पाण्यासाठी अख्खं गाव दिलं होतं त्यांच्या दारात दिवसाआड टँकर. धक्का राहिला मागं आणि पाणी गेलं अर्धा कोस पुढं. माणसं भेगाळलेल्या गाळातून चालत लाँचीपर्यंत जायची आणि वाटभर खात्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

त्यातच एका शुक्रवारी ठेकेदाराचं डिझेल आलं नाही. जीप मिळेपर्यंत दुपार झाली, मनकर्णाबाईंची पाळी हुकली, दवाखान्यानं मंगळवारची वेळ दिली. सोमवारी त्यांच्या पायांवर सूज चढली. रात्रभर आडवं पडवेना. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं की आज काही करून एकच्या आत मशीनवर घेतलंच पाहिजे, अंगातलं पाणी छातीत चढलंय, आता उशीर परवडायचा नाही. पासष्ट किलोमीटरचे धक्के त्यांना सोसणार नव्हते. आप्पासाहेबांनी दोन गड्यांकडून त्यांना खुर्चीत बसवून गाळातून बोटीपर्यंत नेलं.

त्या दिवशी बोट चक्क नऊला सुटली. चाळीस माणसं, दुधाच्या किटल्या, दोन करडं. रामकिसननं नेहमीसारखी शिट्टी वाजवली आणि बोट नाकासमोर काढली. आप्पासाहेब बायकोच्या पाठीला हात लावून बसले होते. तिची धाप हाताला लागत होती. आपण वेळेत पोचतोय, एवढंच ते मनात घोळवत होते.

निम्म्यात आल्यावर खालून असा करकर आवाज आला की करडंसुद्धा ओरडायची थांबली. बोटीचं नाक वर उचललं आणि ती जागच्या जागी बसली. रामकिसननं मागं घेतली, पुढं घेतली. इंजीन ठणाणा करत राहिलं, बोट तसूभर हलेना. पंख्यानं काळा गाळ वर आला.

मग काय विचारता! बाकड्यांवर उभं राहून माणसं रामकिसनच्या अंगावर धावली. कुणी ठेकेदाराचा उद्धार केला, कुणी खात्याचा. गोजरबाई नावाची दूध घालणारी म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, की जुन्या लाँचीची अंत्ययात्रा काढणाऱ्यांनी आता हिचं तेरावंबी इथंच घालावं. सगळ्यांच्या माना आप्पासाहेबांकडं वळल्या. एरवी त्यांनी तिला तिथंच गप केलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं मनगटाकडं बघितलं. घड्याळात साडेनऊ झाले होते आणि मनकर्णाबाई दोन्ही हातांनी बाकड्याची कड धरून श्वास ओढत होत्या. फोनला रेंज नव्हती. पोहून जावं तर खाली गुडघा-मांडीपर्यंत गाळ, माणूस रुतला की रुतलाच.

तेवढ्यात कुणीतरी हात करून दाखवलं. दुरून एक होडी येत होती, बांबूनं रेटत, सावकाश. त्यात कडुबा उभा होता. तो रोज त्या अंगाला जाळी टाकायचा. त्याला काही दिसलं नव्हतं, त्यानं नुसता आवाज ऐकला होता.

तो जवळ आला, कुणाशी बोलला नाही. बांबू पाण्यात घालून बोटीच्या नाकाखाली दोन-तीन ठिकाणी ठोकून बघितलं. मग म्हणाला, "चावडीच्या कठड्यावर चढलीय. गाळात नाय, निघंल."

चावडी! जुनं गव्हाळी खाली होतं हे सगळ्यांना माहीत होतं, जसं आपल्याला पणजोबांचं नाव माहीत असतं तसं. पण आपण चावडीवर बसलोय हे ध्यानात आल्यावर म्हाताऱ्या माणसांनी नकळत पाय वर घेतले.

कडुबा होडीतून बोटीत चढला, होडी मागं बांधली. मग तो मनकर्णाबाईंच्या धापेच्या रोखानं आप्पासाहेबांकडं वळून उभा राहिला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं.

"आप्पासाहेब, बोट मी नेऊ का? काडून टाकल्यालं माणूस हाय मी. तुमी व्हय म्हणलं तर नेतो."

आप्पासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी रामकिसनकडं बघितलं. तो बिचारा केव्हाच सुकाणू सोडून बाजूला झाला होता. आप्पासाहेबांनी नुसता कडुबाचा हात धरला आणि त्याला सुकाणूपाशी नेऊन उभं केलं.

कडुबानं सगळी माणसं मागच्या बाकड्यांवर दाटीवाटीनं बसवली, दुधाच्या किटल्यासुद्धा मागं. नाक हलकं झालं. मग पुढं बांबू लावून रामकिसनला रेटायला सांगितलं, इंजीन हळूच मागं घेतलं आणि बोट कठड्यावरून अशी अलगद सुटली की कुणाला धक्का लागला नाही. माणसं ओरडणार होती, त्यानं हात वर करून गप केलं. त्याला पाण्याचा आवाज ऐकायचा होता.

"आता बगा," तो आप्पासाहेबांना म्हणाला, "मला पुढचं धुरकट दिसतं. वाट मला ठावी हाय, पर वळायचं कुठं ते खुणंवर ऱ्हातं. तुमी खुणा सांगा. उजव्या अंगाला तीन बाभळीचं शेंडं दिसत्यात का?"

आप्पासाहेब पुढं जाऊन उभे राहिले. उन्हात डोळे बारीक केले. काळ्या, वाळलेल्या काड्या पाण्याबाहेर आल्या होत्या. एक, दोन, तीन. आणि एकाएकी त्यांच्या अंगावर काटा आला. या बाभळी त्यांच्या ओळखीच्या होत्या. गणपा सुताराच्या मळ्यातल्या. लहानपणी यांच्याखालून ते बैलगाडी हाकत जायचे. आणि बाभळी उजव्या हाताला म्हणजे खाली गावची पांद आहे!

काळ्या जमिनीतला जुना गाडरस्ता कसा असतो ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. शंभर-दोनशे वर्षं चाकं जाऊन जाऊन पांद अशी खोल गेलेली असते की आतून चाललेल्या बैलांची शिंगंसुद्धा शेतातून दिसत नाहीत. शेतांवर आज हातभर पाणी असेल तर पांदीत पुरुषभर. कडुबाची सगळी वाकडी वाट पांदीची होती. जिथं पांद वळत होती तिथं तो वळत होता.

"मग धरण भरलेलं असताना कशाला रे पांदीनं जायचास?" आप्पासाहेबांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. कडुबा सुकाणू फिरवत म्हणाला, की भरल्या पाण्यात हात वाट इसरला तर आटल्यावर त्याला कुठून आठवायची? म्हणून रोज त्याच वाटेनं जायचं. छत्तीस वर्षांतून असं साल चार-पाचदाच येतं, पण येतं.

आणि ज्याच्या डोळ्यांवर आप्पासाहेबांनी अर्ज केला होता तो माणूस चाळीस जिवांना घेऊन बुडालेल्या गावातून निघाला. आप्पासाहेब खुणा सांगत होते. आंब्याचं खोड. मोटेच्या विहिरीचे दोन खांब. कडुबा ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याचा हात वळत होता. दोनदा तर आप्पासाहेबांनी सांगायच्या आधीच बोट वळली. बोट मारुतीच्या पाराला बगल देऊन गेली, शेख मंडळींच्या कबरस्तानाला बाहेरून गेली. रामकिसन डोळे फाडून बघत राहिला. एवढं साधं, सुरेख काम आपल्या डोळ्यांसमोर रोज होत होतं आणि आपण मिनिटं टिपत बसलो, असं आप्पासाहेबांच्या मनात येत होतं.

मग सरळ पांद लागली. समोर बोरवाडीचा काठ, काठावर उभी जीप दिसत होती. मागं मनकर्णाबाईंना खोकला आला होता, थांबत नव्हता. गोजरबाई त्यांची पाठ चोळत होती. आता नाकासमोर पाच मिनिटं. आणि नेमका तिथं कडुबानं डावीकडं सुकाणू फिरवलं. तोच तो लांब वळसा! अर्जात आप्पासाहेबांनी या वळशाची मिनिटं वेगळी लिहिली होती.

"कडुबा, पांद सरळ जाती!" ते ओरडले. "मला ठावं हाय, हे आमचं शेत. सरळ घे, तिचा जीव चाललाय!"

"पांद सरळच जाती, आप्पा," कडुबा म्हणाला. त्याचा हात हलला नाही. "पर पांदीच्या कडंला बांधावर थोरल्या आबांची समाधी हाय. बांध ढासळून दगड पांदीत आलं असत्याल. बोट फुटंल. डावीकडं वढ्याचं खोल पाणी हाय."

थोरले आबा म्हणजे आप्पासाहेबांचे वडील. गाव उठायच्या दोन वर्षं आधी गेले. शेतातच बांधावर त्यांना अग्नी दिला होता, आप्पासाहेबांनीच दिला होता, आणि वर दगडी चौथरा बांधून तुळस लावली होती. मग आप्पासाहेब शहरात कॉलेजला गेले, परत आले तेव्हा सगळीकडं पाणीच पाणी होतं. समाधी पाण्यात गेली एवढं त्यांना ठाऊक होतं. कुठल्या पाण्यात, ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

त्यांनी खाली वाकून बघितलं. गढूळ पाण्यात हातभर खाली चौथऱ्याचा पांढुरका कोपरा दिसला आणि मागं गेला.

"आज ठीक हाय," ते म्हणाले. "पण पाणी भरलेलं असताना? तव्हा तर वर तीस फूट पाणी असायचं. तव्हा का वळायचास, दादा?"

दादा हा शब्द त्यांच्या तोंडून कसा गेला ते त्यांनाही कळलं नाही. सगळ्या हयातीत त्यांनी कडुबाला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती.

"लोकं चपला घालून बसत्यात लाँचीत," कडुबा म्हणाला. "आबांच्या डोक्यावरून कसं न्यायचं?"

एवढंच. आप्पासाहेब बोटीच्या कडेला धरून उभे राहिले आणि चाळीस माणसांसमोर, ज्यांच्यापुढं त्यांचा आवाज कधी खाली आला नव्हता, त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. गावात जे जे मानायचं ते सगळं मानत मानत या माणसानं पाण्यावर आपली वाट वाकडी करून घेतली होती, आणि त्याबद्दल छत्तीस वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. आपली बाजू त्यानं एकदाही मांडली नाही.

सव्वादहाला बोट काठाला लागली. जीप निघता निघता आप्पासाहेब म्हणाले, कडुबादादा, तुम्हीपण चला, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. कडुबानं मान हलवली. पलीकडं माणसं खोळंबलीत, त्यांना कोण आणील? रामकिसननं तोपर्यंत त्याच्यासाठी सुकाणूजवळ बाकडं सरकवून ठेवलं होतं. म्हणाला, चाचा, मैं देखूंगा, आप बोलो, मग बोट चुकायची नाही.

बाराच्या ठोक्याला मनकर्णाबाई मशीनवर होत्या. तासाभरानं त्यांच्या ओठांवरचा निळेपणा गेला. दुसऱ्या तासाला धाप खाली बसली. आप्पासाहेब स्टुलावर बसून होते. शेवटी त्यांच्यानं राहवेना. आबांची समाधी तिथं आहे, कडुबा इतकी वर्षं तिला वळसा घालायचा, आणि आपण काय केलं, असं ते खालमानेनं सांगू लागले.

"मला ठावं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी मान वर केली.

"पयल्याच मंगळवारी कडुबाभाऊ म्हणले, वैनी, हितं तुमचं मामंजी हायेत. मी त्यांना पाह्यलंबी नव्हतं, मी यायच्या आधीच गेले. म्हणून मग दर खेपेला तिथं आल्यावर डोक्यावरचा पदर नीट करायचे. दोन्ही बारीला. जाताना अन् येताना."

"मला का नाय सांगितलं?"

मनकर्णाबाई रागानं नाही, अगदी साध्या आवाजात बोलल्या.

"तुमी घड्याळात बगत व्हतात."

आप्पासाहेबांनी त्यांचा सुजलेला हात दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाले, "शुक्रवारी आपण दहा मिनिटं आधी निघू. आबांच्या वळणाला घाई नको."